कॅप्टनच्या पाटीवरच्या दोन ओळी

सोमवार, तीन फेब्रुवारी, दुपारी साडेतीन. बेळगाव, उद्यमबाग, आमचा कारखाना.

हजर: स्मारक समितीचे अध्यक्ष (कॅम्पात त्यांचं हॉटेल आहे), समितीतले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, कॅप्टनच्या घराण्यातल्या एक बाई, इंग्लंडहून, अध्यक्षांच्या मोबाइलच्या पडद्यावर, आमचे मोल्डर मारुती मिस्त्री, आणि मी. गैरहजर: खुद्द कॅप्टन. ते इंग्रजांच्या काळापासून कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत आहेत.

काम: त्यांच्या थडग्यावर बसवायच्या पितळी पाटीच्या नमुन्यावर सह्या घेणे.

पाटी ओतणाऱ्या बाईला अशा नोंदी कशाला लागतात, असं पुष्कळ जण विचारतात. विचारणाऱ्यांतले निम्मे लोक पाटी झाल्यावर ‘आम्ही असं सांगितलंच नव्हतं’ म्हणत परत येतात, त्यासाठी लागतात. कारखाना सासऱ्यांनी काढला. नवरा सरकारी नोकरीत गेला आणि भट्टी माझ्याकडे आली. देवळांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या, बंगल्यांच्या आणि थडग्यांच्या पाट्या ओतण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली. माणूस स्वतःबद्दल काय लिहून घेतो हे मी जितकं वाचलंय तितकं कुणी वाचलं नसेल. त्यामुळे माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

लोकांना वाटतं, पाटी कोरतात. कोरत नाहीत, ओततात. आधी लाकडी फळीवर अक्षरं चिकटवून पाटीचा हुबेहूब नमुना करायचा. तो पाटीपेक्षा किंचित मोठा हवा, कारण पितळ निवताना आकसतं. अक्षरांच्या कडा जराशा तिरक्या तासायच्या, नाहीतर नमुना उचलताना वाळू उपटून येते. हा नमुना माती मिसळलेल्या ओलसर वाळूच्या पेटीत दाबून अलगद काढला की वाळूत पाटीची पोकळी राहते. तिच्यात वितळलेलं पितळ एका दमात ओतायचं. हात मध्येच थांबला तर पाटीवर जन्माचा सांधा दिसतो. मारुती मिस्त्रींचा हात आजवर थांबलेला नाही. ते हिंडलग्याहून मोटारसायकलवर येतात, दिवसभर वाळूशी बोलतात आणि गिऱ्हाइकांशी शक्यतो बोलत नाहीत. दोन्ही निवडी योग्य आहेत.

नियम एकच. नमुन्यावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून ठसा काढायचा आणि त्या ठशावर गिऱ्हाइकाने सही करायची. सही झाल्यावर बदल नाही. तशी पाटी मी कारखान्याच्या दारावरच लावली आहे, अर्थात पितळेची.

हा नियम उगाच आलेला नाही. चिकोडीकडच्या एका देवस्थानाने देणगीदारांची पाटी करायला सांगितली होती. पहिलं नाव कुणाचं यावर पंचमंडळी माझ्या टेबलाशी हातघाईवर आली. मी शहाणपणा केला: गोल पाटी सुचवली. नावं कडेकडेने, पहिला नाही आणि शेवटचा नाही. सगळे खूश झाले. पाटी भिंतीवर लागली, आणि लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की गोलालाही वरची बाजू असते. तेव्हापासून प्रत्येक जत्रेआधी कुणीतरी शिडी लावतो आणि आपलं नाव वर येईल अशी पाटी फिरवतो. गेल्या खेपेला देवस्थानाचा माणूस पाटी घेऊन नव्या खिळ्यासाठी भोक पाडून मागायला आला, तेव्हा तिच्यात भोकं जास्त आणि नावं कमी दिसत होती.

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने स्वतःच्या समाधीच्या पाटीचा नमुना जिवंतपणीच करून घेतला. ‘दानशूर’ हा शब्द त्याने स्वतः सुचवला. मृत्यूच्या तारखेची जागा रिकामी आहे. दरवर्षी दसऱ्याला कारखान्यात येऊन नमुना बघतो आणि विचारतो, “जागा पुरंल न्हवं?” मी म्हणते, “पुरेल, तुम्ही घाई करू नका.”

अशांच्या मानाने कॅप्टनची समिती सभ्य वाटली होती. पाटी कुठल्या भाषेत, यावर त्यांच्या दोन बैठका झाल्या होत्या. मराठी घातली तर एक बाजू उठणार, कन्नड घातली तर दुसरी, दोन्ही घातल्या तर आधी कुठली म्हणून दोन्ही. शेवटी कुणालाच नको म्हणून इंग्रजी ठरली. आपल्या बेळगावात इंग्रज गेल्यावरही इंग्रजीला मरण नाही, त्याचं कारण हे आहे.

मजकूर बेतायला म्हणून प्राध्यापकांनी मला कॅप्टनचं सात पानी इंग्रजी चरित्र दिलं. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, पराक्रमाचं पान गळालंय. तेराव्या वर्षी आरमारात भरती. मामा मोठा दर्यासारंग होता. पुढे बढती, मामा अजून होता. मग एक जहाज भर दिवसा वाळूत रुतवलं. चौकशी झाली, दोष वाऱ्याला लागला आणि कॅप्टनला पहिल्यापेक्षा मोठं जहाज मिळालं. कोकण किनाऱ्यावर चाचे समजून गलबतांचा पाठलाग केला. पकडल्यावर त्यांत सुकी मासळी निघाली. चरित्रकाराने याला ‘दक्षता’ म्हटलंय. पुढे किनाऱ्याच्या पाहणीचं काम केलं, ताप आला, हवा मानवेना म्हणून घाट चढून बेळगावला आले. समुद्रावर हुकूम चालवणाऱ्या माणसाने शेवटची वर्षं किल्ल्याच्या तळ्याकाठी फेऱ्या मारत काढली आणि इथेच देह ठेवला.

मिस्त्रींना मी हे सगळं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, “वैनी, आमी एक साचा बिगडिवला तर तुमी चार दिस बोलत न्हाईसा. ह्येनं जहाज बुडिवलं आन् बढती?”

“बुडवलं नाही, रुतवलं.”

“मग बुडिवलं असतं तर राजाच केला असता की वं त्येला.”

सात पानांत एकच गोष्ट छाती फुगवण्यासारखी होती, आणि समितीने तीच पाटीवर घेतली. सहावी आणि सातवी ओळ. किनाऱ्याजवळ होडी उलटली तेव्हा कॅप्टनने खवळलेल्या लाटांत उडी घेतली आणि आपल्या माणसांना पोहत काठावर आणलं, असा त्या ओळींचा मतलब. खाली कॅप्टनची सही हवी होती. घराण्यातल्या बाईंनी जुन्या पत्रातल्या सहीचा फोटो पाठवला. ती मी स्वतः लाकडात कापली. तीन दिवस लागले. शेवटच्या अक्षराचं शेपूट मागे वळून पहिल्या अक्षराला वेढा घालतं आणि वेढ्यात दोन ठिपके. असली गर्विष्ठ सही मी दुसरी पाहिली नाही.

त्या सोमवारी ठसा सगळ्यांनी पाहिला. मोबाइलमधल्या बाई “लव्हली, लव्हली” म्हणाल्या. अध्यक्षांनी आणि प्राध्यापकांनी सह्या केल्या. गुरुवारी ओतायचं ठरलं आणि रविवारी अनावरण.

बुधवारी दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, हातात कापडी पिशवी. निपाणीच्या. नाव सुमन कांबळे, निवृत्त मुख्याध्यापिका. खुर्ची देऊनही आधी उभ्याच राहिल्या.

“कॅप्टनची पाटी तुम्ही करालाय काय?”

“हो. बसा आक्का.”

“पेपरात त्यावरचा मजकूर आलाय. माझ्या वडलांना, आप्पांना, वाचून दाखवला. नव्वदी ओलांडलीय त्यांनी. ऐकून म्हणाले, समदं उलटं लिवलंय. त्या दोन ओळी काढायला सांग.”

अशी माणसं येतात. प्रत्येक पाटीमागे ‘हे खोटं आहे’ म्हणणारा एक भाऊबंद असतो. मी म्हटलं, “आक्का, मी फक्त ओतते. मजकूर समितीचा. सह्या झाल्यात.”

“सह्या झाल्या म्हणजे खरं होतंय काय?”

“नाही. पण माझं काम होतं.”

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. साहेब लोक नोकराला सोडताना शिफारसपत्र देत, ते दाखवून त्याला दुसरीकडे काम मिळायचं. हे तसलं पत्र. आक्कांच्या आजोबांच्या आजोबांना मिळालेलं. त्यांचं नाव लखमा. वेदगंगेच्या काठच्या गावचे. पाहणीच्या तुकडीबरोबर तंबू वाहायला म्हणून कोकणात उतरले आणि पुढे साहेबाच्या स्वयंपाकघरात लागले. घराण्यात हा कागद पत्र्याच्या नळीत जपला होता. आक्कांनी शिक्षिका झाल्यावर तो लॅमिनेट केला.

इंग्रजी चारच वाक्यं होती. मराठीत ती अशी: हा माणूस पाच वर्षं माझ्याकडे होता. होडी उलटली त्या दिवशी मला पोहता येत नसल्याने याने मला पाठीवर घेऊन काठाला आणलं. स्वभावाने शांत आहे, दारू पीत नाही. सूप चांगलं करतो.

खाली सही. शेपूट मागे वळलेलं, पहिल्या अक्षराला वेढा, वेढ्यात दोन ठिपके.

मला कुणी तज्ज्ञ बोलवायची गरज नव्हती. त्या वळणावर माझ्या पटाशीचे तीन दिवस गेले होते.

मी ते पुन्हा वाचलं. आरमारातला कॅप्टन, तेराव्या वर्षापासून पाण्यावर, आणि पोहता येत नाही. निपाणीकडचा माणूस, समुद्र पहिल्यांदाच बघितलेला, नदीच्या पुरात शिकलेलं पोहणं घेऊन त्याला पाठीवर टाकून काठाला आणतो. बक्षीस म्हणून सूप चांगलं असल्याचा दाखला.

“आमच्या आप्पांनी हे आयुष्यभर सांगितलं,” आक्का म्हणाल्या. “तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. तिथं लोक हसायचे. आप्पा आले की म्हणायचे, आलं रं आलं, सायबाचं घोडं आलं. लहानपणी आम्हालाही घोड्याची पोरं म्हणायचे. कागद दाखवला तर इंग्रजी कुणाला येतंय? मी मास्तरीण झाले तेव्हा वाचून दाखवला. तवर हसणारी निम्मी माणसं मेली होती. आता पितळेत उलटं लिहून लावलासा, तर आप्पा खोटे ठरूनच जातील.”

मी अध्यक्षांना फोन लावला. त्यांनी कागदाचा फोटो मागवला. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला, प्राध्यापकांशी बोलून.

“मॅडम, यात लखमा कुठं आहे? नुसतं ‘हा माणूस’ लिहिलंय. नाव नाही. उद्या कुणीही येईल आणि आमचे आजोबा म्हणेल.”

“नाव जाऊ दे. पोहता येत नाही हे तर कॅप्टनच सांगतायत. सही तीच आहे, मी कापलीय.”

“तुम्ही सुतारकामातल्या तज्ज्ञ. हस्ताक्षर हा वेगळा विषय आहे, असं सर म्हणतात.”

“मग तपासून घ्या. आठवडाभर थांबू.”

“कार्डं वाटून झालीत. रविवारी पाहुणे यायचेत. आणि मॅडम, सही झाल्यावर बदल नाही, हे तुमच्याच दारावर लिहिलंय ना?”

फोन ठेवला. आक्कांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी कागद पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “पाच वर्षं हातचं खाल्लं, पाठीवर बसून जीव वाचला, आणि नाव लिहावंसं वाटलं न्हाई. आता त्याचाच ह्यांना पुरावा.”

मला नियम तोडता येत होता. समितीला म्हणता येत होतं, की ही पाटी मी ओतणार नाही, दुसरीकडे जा. उद्यमबागेत ओतणारे पुष्कळ आहेत. मी तसं म्हटलं नाही. गुरुवारी सकाळी पितळ वितळवायची मूस तापली. मिस्त्री वाळूच्या पेटीपाशी थांबले.

“वैनी, वतायचं न्हवं?”

“ओता.”

“त्या आक्का?”

“सह्या झाल्यात मिस्त्री. ओता.”

हात थांबला नाही. पाटी नितळ उतरली, माझ्या आजवरच्या चांगल्या पाट्यांपैकी एक. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते.

रविवारच्या अनावरणाबद्दल थोडक्यात. खुर्च्या थडग्यांच्या मधोमध मांडल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांनी कॅप्टनपासून तरुणांनी काय शिकावं ते सांगितलं. जहाज रुतवायचं की मासळी पकडायची, ते सांगितलं नाही. प्राध्यापकांनी सहावी आणि सातवी ओळ आवाज चढवून वाचली. टाळ्या पडल्या. मोबाइलमधल्या बाईंचे डोळे भरून आले. समोशांची बशी कुणीतरी शेजारच्या थडग्यावर ठेवली होती. अध्यक्षांनी माझा सत्कार केला आणि मी शाल घेतली. तीही परत करता आली असती.

मग मी माझ्या कामात पहिल्यांदाच कुणी न सांगता एक नमुना केला. लहान, वीतभर. त्यावर लखमाचं नाव, गाव आणि एक ओळ: कॅप्टनला पाठीवर घेऊन यांनी किनाऱ्याला आणलं. मराठीत. कॅप्टनच्या पाटीखाली दगडाला जागा होती. मी मापं घेऊन आले होते. समितीने हरकत घेतली असती तर घेऊ दे. नमुना फडक्यात गुंडाळून एका सकाळी निपाणीची बस धरली.

आप्पा बाजेवर बसले होते. नजर गेलेली, कान शाबूत. आक्कांनी नमुना त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोट अक्षरांवरून फिरवलं. त्यांनी ‘लखमा’ दोनदा चाचपलं. मला वाटलं, झालं आपलं काम.

“ही कुठं लावनार?”

“कॅप्टनच्या पाटीच्या खाली, आप्पा.”

“वरल्या पाटीत काय हाय?”

आक्कांनीच सांगितलं, “तेच हाय आप्पा. सायबानं उडी घेतली म्हणून.”

“ते तसंच ऱ्हानार?”

“वरचं त्यांचं, खालचं आपलं,” मी म्हटलं. “वाचणाऱ्याला कळेल.”

ते हसले. दात नव्हते, पण हसू चावरं होतं. “वाचनारा काय म्हनंल? सायबानं दोगातिगांस्नी वाचिवलं, आन् ह्येनं सायबाला. दोगं बी शूर. भले! पोरी, वखारीत मला घोडं म्हनत हुते, तवा निदान खोटं तरी म्हनत नव्हते. पाठीवर घेतलंच हुतं. तू मला खोट्याच्या खाली बशिव म्हनतीस. न्हाय बशायचं. आदी वरलं घासून काड. मग ही लाव, न्हायतर नको लावूस.”

नमुना त्यांनी परत दिला. बसमध्ये मी हिशेब केला, वेळेचा. पाटीवरची अक्षरं उठावाची असतात. नवा शब्द घालता येत नाही, पण असलेला घासून काढता येतो. दोन ओळी, हातातलं ग्राइंडर, मग बारीक कानस आणि काळा रंग. मिस्त्री बरोबर असतील तर तासाभराचं काम. पाचवी ओळ आणि आठवी ओळ यांच्यामध्ये रिकामी पट्टी राहील. राहू दे.

समितीला अर्ज केला, सोबत पत्राचा आणि सहीचा फोटो शेजारी शेजारी. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीला माणसं पुरेशी आली नाहीत. त्यापुढची झालीच नाही. आता त्यांना किल्ल्याजवळच्या एका तोफेचं स्मारक करायचं आहे. इंग्लंडच्या बाईंना मी पत्राची प्रत पाठवली. उत्तर लगेच आलं, तेवढं मात्र खरं. त्यांनी लिहिलं, किती गोड आठवण. सूपची गोष्ट वाचून घरात सगळे हसले. दोन ओळींबद्दल अवाक्षर नाही.

राहिले मी. दफनभूमीचं फाटक दिवसा उघडंच असतं. रखवालदार मला ओळखतो, पाटी बसवताना त्यानेच पाणी आणून दिलं होतं. बॅटरीवर चालणारं ग्राइंडर कपाटात आहे. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, “जायाचं न्हवं वैनी?” मी दोन्ही वेळा म्हटलं, लेखी परवानगी येऊ दे. ज्या माणसांची आजवर मी टिंगल केली त्यांच्याच कागदाची मला वाट बघायची आहे. उद्या परवानगीशिवाय पाटी खराब केली म्हणून तक्रार झाली तर कारखान्याचं नाव जाईल, ही भीती. लखमाला होडी उलटल्यावर असला विचार करायला वेळ मिळाला नसावा.

रविवारी सकाळी निपाणीहून फोन येतो. आक्का चौकशी करतात, पाऊसपाण्याचं बोलतात, मुख्य विषयाला हात लावत नाहीत. मग पलीकडून, फोनपासून लांब, आप्पांचा आवाज येतो: “घासलं काय गं तिनं?”

आक्का माझ्यासाठी थांबतात.

“न्हाय म्हणून सांगा आक्का,” मी म्हणते. “अजून न्हाय.”